बाजारातली वकीलीण

कालिंदा तांदळेच्या हातात कोणताही कागद आला की ती आधी तो उलटा करून मागची बाजू बघायची. समन्स असो, बँकेची नोटीस असो, नाहीतर कोर्टाचा निकाल. "पुढं काय लिव्हलंय ते कुणीबी वाचतंय," ती म्हणायची. "कुणाला दिला, कवा दिला, हातात दिला का दारावर चिकटवला, ते मागं असतंय. माणूस बुडतो तो मागच्या बाजूला."

आम्ही दोघांनी एकाच वर्षी सनद घेतली आणि एकाच साहेबांकडे ज्युनियर म्हणून लागलो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं कोर्ट. कुठल्या ते सांगत नाही, कारण यातले बहुतेक सगळे अजून तिथंच प्रॅक्टिस करतात, आणि मीही.

ती युसूफ वडगावच्या बाजूची. आई-वडील ऊसतोडीला जायचे. काही वर्षं जिल्ह्यातल्याच कड्याच्या कारखान्याकडे, काही वर्षं पार पश्चिम महाराष्ट्रात. ही मागं आजीजवळ राहून शिकली. सकाळी एसटीनं यायची, स्टँडपासून कोर्टापर्यंत चालत. पांढऱ्या ड्रेसवर काळा कोट आणि पायात पोरांचे खेळायचे बूट. साहेबांनी एकदा बुटांकडे बघून "मॅडम, हे काय?" म्हणून विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं, "साहेब, चपलेनं दोन किलोमीटर चालून बघा." साहेब हसले. तेव्हा ते तिच्यावर खूश होते. तिचा कोटही त्यांनीच शिवून दिला होता, हे सांगायला पाहिजे. साहेब वाईट माणूस नव्हते. आमचे डबे आले नाहीत तर ते स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून द्यायचे, आणि उलटतपासणी कशी घ्यायची हे आम्हा दोघांनाही त्यांनीच शिकवलं.

कालिंदाशी जमवून घेणं मात्र अवघड होतं. कोर्टातल्या कारकुनानं "आज होणार नाही" म्हटलं की बाकीचे आम्ही "बरं" म्हणून चहाला जायचो. ही टेबलापुढून हलायची नाही. "न्हाई तर न्हाई. पण लेखी द्या." अर्ध्या तासानं तिचं काम व्हायचं आणि त्या दिवशी आमची कामं अडायची, कारण कारकुनाचं डोकं फिरलेलं असायचं. मी तिला म्हणायचो, "कालिंदा, गोड बोलून काम होतं." ती म्हणायची, "गणेश, त्यांला पगार कामाचा हाय, का आपलं गोड बोलणं ऐकायचा?" मला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

दुसऱ्या वर्षी ऑफिसात एक म्हातारी आली. नाव सगुणाबाई. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद, त्यावर हळद-कुंकवाचे डाग. तो तिनं देव्हाऱ्यात, फोटोच्या मागे ठेवला होता. सरकारी शिक्का आहे म्हणजे चांगलाच कागद असणार, असं तिला वाटलेलं. कालिंदानं कागद उलटा केला, मग सुलटा केला, आणि कोर्टात जाऊन चौकशी करून आली. पुतण्यानं केलेल्या वाटणीच्या दाव्याचं ते समन्स होतं. म्हातारी हजर राहिली नाही, म्हणून दावा एकतर्फी चालला, निकाल लागला, अपिलाची मुदत कधीच उलटून गेली.

"काय लिव्हलंय माय?" म्हातारीनं विचारलं.

"तुमाला कोर्टात बोलावलं व्हतं."

"मग जाऊ की. कवा जायचं?"

कालिंदानं तिला सगळं सांगितलं. मग तिच्याकडून परत वदवून घेतलं, कारण ऐकलं म्हणजे समजलं असं ती कधीच धरून चालायची नाही. म्हातारीनं स्वतःच्या तोंडानं "म्हंजी माझं रान गेलं" असं म्हटलं तेव्हा मी उठून बाहेर गेलो. आम्ही उशीर माफीचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. साहेब म्हणाले, "होतं असं." कालिंदा मला म्हणाली, "हिला वकील नको व्हता गणेश. वाचणारं माणूस पाहिजे व्हतं. फकस्त वाचणारं."

पुढच्या आठवड्यापासून ती हिंगणवाडीच्या बाजारात बसायला लागली.

हिंगणवाडीचा आठवडी बाजार मोठा. आजूबाजूच्या दहा-बारा वाड्यांची माणसं येतात. मिरचीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला बशीरचाचांचं चहाचं हॉटेल आहे. त्यांच्या बाजेवर ती बसायची. कोट नाही, गळ्यात वकिलाचा पांढरा बँड नाही, पाटी नाही. वकिलानं जाहिरात करायची नसते, हा नियम तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ होता. म्हणून तिनं स्वतःला आणखी नियम घालून घेतले. नाव सांगायचं नाही. फोन नंबर द्यायचा नाही. इथं वाचलेल्या कागदाची केस स्वतः घ्यायची नाही. कुणाला वकिलाची गरज असली तर मोफत कायदा सल्ल्याचं सरकारी ऑफिस कुठं आहे ते सांगायचं आणि पुढचा कागद घ्यायचा. तिचा सख्खा चुलतभाऊ केस घेऊन आला, त्यालाही तिनं परत लावलं. तो वर्षभर बोलला नाही.

पाटी नसली तरी बशीरचाचा होते. चहा गाळता गाळता ते ओरडायचे, "कागद वाचून घ्या, कागद! घरात घालून काहून ठेवता बे? दाखवा वकीलीणबाईला!"

मी सुरुवातीला कुतूहल म्हणून गेलो, नंतर जवळजवळ दर बाजारी. लोक काय काय आणायचे! विम्याची छापील जाहिरात तीन वर्षं जपून ठेवलेला माणूस. लाइटबिलाला कोर्टाची नोटीस समजून घाबरलेली बाई. एक म्हातारा आला, त्याच्याजवळ बंद पाकीट. कुणीतरी घरी देऊन गेलं, तेव्हापासून भीतीनं उघडलंच नव्हतं. कालिंदानं उघडलं, मागं-पुढं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, लग्नाची पत्रिका हाय. धर्मापुरीला लगीन हाय तुमच्या मेव्हण्याच्या नातीचं."

"कवा?"

"गेल्या साली."

बाजेभोवतीची माणसं हसून लोळायची बाकी राहिली. म्हातारा नाही हसला. "तरीच मेव्हणा बोलंना झालाय," म्हणाला, आणि पाकीट खिशात घालून तडक एसटीकडे गेला.

पण बहुतेक कागद हसण्यासारखे नसायचे. मुदत संपलेल्या नोटिसा, न कळता अंगठा दिलेले करार, ऊसतोडीच्या मुकादमानं लिहून घेतलेले स्टँपपेपर. वाईट कागद वाचला की लोक तिच्यावरच चिडायचे. एकानं तर कागद तिच्या हातातून हिसकला. "इतके दिवस काय नव्हतं, तू वाचलं अन् झालं!" ती त्याच्या पाठीमागे ओरडली, "मुदत आजून आठ दिवस हाय! आठ दिवस!" तो वळला नाही.

त्याच हिवाळ्यात तालुक्याचं कायदेविषयक शिबिर एका तांड्यावर झालं. मंडप, बॅनर, हार, दोन भाषणं. आम्ही तरुण वकील मागच्या खुर्च्यांवर, फोटोपुरते. समोर सहा-सात म्हातारे आणि शाळेतून उठवून आणलेली पोरं. बाकी सगळं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं. कालिंदानं आभार मानायच्या वेळी माइक घेतला आणि विचारलं, "शिबिर दसऱ्याच्या आदी काहून घेतलं न्हाई? ज्यांच्यासाठी घेतलं ती माणसं फडावर हायती." आयोजक म्हणाले, कार्यक्रम वरून ठरतो. तिनं विचारलं, वरून म्हणजे कुठून. मग राष्ट्रगीत सुरू झालं.

तिच्या डोक्यात योजना होती. वकील संघात तिला सोडून आम्ही अकरा तरुण वकील होतो. प्रत्येकानं तीन महिन्यांतून एकदा बाजारात बसायचं. बस्स, एवढंच. चहाच्या टपरीवर तिनं एकेकाला विचारलं. अकराही जण हो म्हणाले. एकानं तर "हेच तर खरं वकिलीचं काम" म्हणून छोटं भाषण दिलं. संघाच्या बैठकीत तिनं ठराव मांडला. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "कोर्ट सोडून बाजारात बसायचं? उद्या कांद्याशेजारी तराजू लावा." सगळे हसले. दुसरे म्हणाले, "समाजसेवा करायची तर संस्था काढा, मॅडम. कोटाला कशाला डाग?" अध्यक्षांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं कोण?"

तिनं स्वतःचा हात वर केला आणि मागं वळून आमच्याकडे बघितलं. माझा हात कानापर्यंत गेला. समोर साहेब बसले होते, माझ्याकडेच बघत होते. मी कान खाजवला.

बाकीच्या दहांचेही हात कुठं ना कुठं होते. कुणी मोबाइल काढला, कुणी चष्मा पुसला. अध्यक्ष म्हणाले, "विषय पुढं." बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "कान लई खाजत व्हता का?"

ती एकटी बसत राहिली. मीही जात राहिलो, हात वर न केल्याची भरपाई म्हणून म्हणा. आणि म्हणूनच त्या दिवशी मी तिथं होतो.

रामभाऊ नावाचा एक शेतकरी आला. बांधाच्या वादाची केस होती. भांडणात समोरच्यानं कोर्टाच्या कागदाची एक नक्कल त्याच्या अंगावर फेकली होती. "संपली तुझी केस, घे, वाचून घे." रामभाऊ म्हणाला, "बाई, आमचे वकीलसाहेब म्हणत्यात केस चालू हाय. गेल्याच महिन्यात तारखेला गेलतो. ह्यो म्हणतो संपली. खरं काय ते सांगा."

कालिंदानं कागद उलटा केला, सुलटा केला. मी शेजारून वाचला. वादी आणि त्याचे वकील तारखांना सतत गैरहजर, म्हणून दावा काढून टाकण्यात येत आहे. तारीख दोन वर्षांपूर्वीची. वादीच्या वकिलाचं नाव स्पष्ट होतं. आमच्या साहेबांचं. रामभाऊला ते कोर्टाच्या आवारातूनच पुढची तारीख सांगून परत लावत असणार, ऑफिसात आम्ही त्याला कधी बघितलं नव्हतं.

मी बाजेखाली पायानं तिचा बूट दाबला. हळूच म्हणालो, "उद्या ऑफिसात बघू म्हण." ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसतच नसल्यासारखी. मग रामभाऊकडे वळली आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. नेहमीप्रमाणे त्याच्याकडून वदवूनही घेतली.

"म्हंजी दोन वर्सं मी कशाच्या तारखेला येत व्हतो?" रामभाऊनं विचारलं.

"ते तुमी त्यांलाच विचारा," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. मी दारात. "साहेब, आज तुमच्या पक्षकाराला मी कागद वाचून दाखवला. तो उद्या येईल. त्याच्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून आले."

साहेबांनी फाइल मिटली. "माझा पक्षकार आहे हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी वाचला?"

"दुसऱ्या वकिलाचा असता तर वाचलाच असता की, साहेब."

साहेबांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. मला वाटतं हे उत्तरच त्यांना जास्त लागलं. कारकुनाची चूक होती, तारखा डायरीत आल्याच नव्हत्या, आणि नंतर सांगायची लाज वाटून ते दिवस ढकलत राहिले होते. हे त्यांनी मला पुढं एकदा सांगितलं. तिला नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी रामभाऊ दहा माणसं घेऊन आला आणि कोर्टाच्या आवारात, सगळ्यांदेखत, साहेबांना नको नको ते बोलला. तीस वर्षं मान खाली घालावी न लागलेला माणूस त्या दिवशी मागच्या दारानं घरी गेला. कालिंदाचं टेबल आठवड्याभरात ऑफिसातून हललं.

महिन्यानं साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला अर्ज होता. वकिलांच्या परिषदेकडे तक्रार. कुमारी तांदळे या आठवडी बाजारात बसून पक्षकार गोळा करतात, वकिली व्यवसायाच्या प्रतिष्ठेस बाधा आणतात. खाली सही एका अशा माणसाची, जो हिंगणवाडीच्या बाजाराला कधी गेला असेल असं मला वाटत नाही.

"शुद्धलेखन बघ जरा," साहेब म्हणाले.

मी बघितलं. तीन चुका होत्या. "प्रतिष्ठा"मधला ति दीर्घ पडला होता, तो ऱ्हस्व केला. बाकीच्या दोन आठवत नाहीत. पेन परत ठेवलं आणि बाहेर येऊन बसलो. त्या दिवशी माझ्या हातून दुसरं काहीही वेगळं घडलं नाही.

नोटीस आली तेव्हा तिनं ती आधी उलटी करून बघितली. मग हसली. "बघ गणेश, मला पण कागद आला." तक्रार कुणी केली असेल याचा ती विचार करायची, पण सही करणाऱ्याला ती ओळखत नव्हती. "मजकूर वकिलाचा हाय," ती म्हणायची. "कोणाचा ते कळंना." तिला वाटत होतं, ते कांद्याशेजारी तराजू लावा म्हणणारे असतील. मी म्हणालो, असतील.

बाजारात कुणाचीही केस तिनं घेतली नाही, याचा साक्षीदार मी होतो. तिनं माझ्याकडे प्रतिज्ञापत्र मागितलं. मी म्हणालो, "देतो की." मग तारखा होत्या, मग मोठ्या मुलीचं जावळ होतं, मग साहेबांची तब्येत. तिनं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही. बशीरचाचांनी मात्र स्वतः तालुक्याला येऊन, रांगेत उभं राहून, आपलं प्रतिज्ञापत्र करून दिलं. खाली सही उर्दूत. त्या पोरीनं कुणाकडून काही घेतलं नाही, उलट स्वतःच्या पैशानं माझा चहा बाकीच्यांना पाजला, असं ते त्यात सांगत होते.

तक्रार दोन वर्षं चालली. तक्रारदार एकदाही हजर राहिला नाही. शेवटी प्रकरण बंद झालं. ती बरोबर होती असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. नुसतं बंद झालं. तेवढ्यात बरंच काही होऊन गेलं होतं. तक्रार चालू आहे तोवर बाजारात बसू नका, असा सल्ला तिला मिळाला आणि तिनं नाइलाजानं तो मानला. मोफत कायदा सल्ल्याच्या वकिलांची नवी यादी निघाली, त्यात तिचं नाव नव्हतं. का नाही, ते तिनं लेखी मागितलं, आणि कुणी दिलं नाही. कामं येईनाशी झाली. तिच्याकडे जाणं म्हणजे साहेबांना दुखवणं, हे पक्षकारांनाही कळत होतं. प्रकरण बंद झाल्यावर ती एकदा हिंगणवाडीला जाऊन बसली. दोन माणसं आली. लोकांची सवय मोडली होती. "पुन्हा लावावी लागंल," ती म्हणाली. पण लावली नाही. थकली होती, हे तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, मला दिसत होतं.

मग कळलं, तिला लातूरला एका लॉ कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. आमच्या संघाला एकदम तिचं प्रेम आलं. निरोप समारंभ ठरला. बार रूममध्ये खुर्च्या गोल मांडल्या, पेढे आणले. ज्येष्ठ बोलले. असे तळमळीचे वकील आता राहिले नाहीत, तरुणांनी मॅडमचा आदर्श घ्यावा. त्या अकरांपैकी एकजण तर बोलताना गहिवरला. सत्कार सर्वात ज्येष्ठ म्हणून साहेबांच्या हस्ते. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. ती वाकून त्यांच्या पाया पडली. ते "यशस्वी हो" म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. तेही खोटं नव्हतं, हे मला आजवर कुणाला समजावून सांगता आलेलं नाही.

"दोन शब्द बोला मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

ती उभी राहिली. "मला भाषण न्हाई करायचं," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. ती तक्रार कुणी लिहून दिलती? मी रागावणार न्हाई. काही करणारबी न्हाई. मी चाललेच हाय. फक्त एवढं सांगा."

पंखा फिरत होता. पेढ्यांचा बॉक्स कुणाच्या तरी मांडीवर उघडा होता. तिनं एका टोकापासून सुरुवात केली आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत आली. घाई नव्हती तिला. कांदा-तराजूवाले चक्क दुखावल्यासारखे दिसले, कारण त्यांनी खरंच काही केलं नव्हतं. साहेब छताकडे बघत होते. मग ती माझ्यापर्यंत आली. माझ्यावर ती सगळ्यात कमी वेळ थांबली, ओळखीच्या माणसावर थांबावं तेवढीच, आणि पुढं गेली. तिला माझा संशयच नव्हता.

"जाऊ द्या मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "झालं गेलं."

"बरं," ती म्हणाली. शाल काढून घडी केली, पिशवीत ठेवली. नारळ टेबलावर ठेवला. "ह्यो फोडून खावा सगळ्यांनी. मला एसटीत वझं होतंय." आणि गेली.

मी खिडकीतून बघितलं. आवारात एक नवी ज्युनियर पोरगी तिला भेटली, काहीतरी बोलली. कालिंदानं थांबून तिच्या बँडची गाठ सरळ करून दिली, पाठीवर थाप मारली आणि फाटकाबाहेर वळली. स्टँडच्या बाजूला उन्हात तिची पाठ दिसत राहिली, मग ट्रॅक्टर आडवा आला.

आत कुणीतरी म्हणालं, नारळ तसाच ठेवू नये. साहेबांनी तो पायरीवर आपटून फोडला. खोबरं गोड निघालं, सगळ्यांना पुरलं. मीही खाल्लं.